सासष्टीतील लहान ख्रिस्ती महाविद्यालयात मुलीला वसतिगृहात ठेवावे का? अनुभव हवे आहेत

प्रश्न : पेडण्याचा पालक

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा बारावी पूर्ण केली असून तिला मानसशास्त्रात पदवी घ्यायची आहे. दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील एका लहान महाविद्यालयाने तिला या विषयासाठी प्रवेश देऊ केला आहे. महाविद्यालय ख्रिस्ती धर्मभगिनींच्या संस्थेचे आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि आवारातच सिस्टर चालवतात ते मुलींचे वसतिगृह आहे. पेडण्याहून म्हापसा, पणजी आणि मग मडगाव अशा बस बदलत रोज ये-जा करणे तिला झेपणार नाही, त्यामुळे प्रवेश घेतला तर तिथेच राहावे लागेल.

आमच्या घरी बोलणे कोंकणीत आणि वाचन-लेखन मराठीत असते. मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजीतून, त्यामुळे अभ्यासाच्या भाषेची मला फारशी चिंता नाही. चिंता वेगळीच आहे. मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी बसून गात आली आहे. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतो, श्रावण पाळतो, गणेश चवथीला सगळे कुटुंब मूळ घरी जमते. तिथे रोज चॅपेलमध्ये जावे लागते का, जेवणाचे काय होते, सणाला घरी सोडतात का, आणि मुलगी आजारी पडली किंवा मनाने खचली तर तिच्याकडे लक्ष कोण देते, हे मला जाणून घ्यायचे आहे. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत इमारतींची छायाचित्रे भरपूर आहेत, पण या गोष्टींविषयी त्यात काहीच सापडत नाही. प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस उरले आहेत, म्हणून ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष दिवस काढले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : सत्तरी तालुक्यातील माजी विद्यार्थिनी

आपला प्रश्न वाचून माझ्या वडिलांची आठवण झाली, कारण २०१६ साली वाळपईहून मला सासष्टीत सोडायला आले तेव्हा त्यांच्या मनात नेमक्या याच शंका होत्या. अशाच एका धर्मभगिनींच्या वसतिगृहात मी तीन वर्षे राहिले. प्रत्येक संस्थेचे नियम थोडे निराळे असतात, त्यामुळे मी लिहिते ते माझ्या वसतिगृहापुरते समजावे.

चॅपेलमध्ये जाण्याची सक्ती मला कधी झाली नाही. सकाळची मिस (चर्चमधील मुख्य उपासना) आणि संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कॅथलिक मुलींसाठी असे, आणि त्या वेळात आम्ही बाकीच्या मुली अभ्यासिकेत किंवा आपापल्या खोलीत असायचो. महाविद्यालयात दिवसाची सुरुवात एका छोट्या प्रार्थनेने होई. ती चालू असताना शांत उभे राहावे एवढीच अपेक्षा असे. दुपारी बारा वाजता आंजेलुस या प्रार्थनेची घंटा झाली की आवारातील सगळे जण जिथे असतील तिथे क्षणभर थांबत. पहिल्या आठवड्यात मला त्याचे अवघडलेपण वाटले, पण पुढे त्या थांबण्याची इतकी सवय झाली की आता कामाच्या ठिकाणीही बारा वाजता माझे लक्ष घड्याळाकडे जाते.

जेवणाबाबत सिस्टरांना उपवास म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही, हे मी मुद्दाम लिहिते. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ज्याला आपण कोंकणीत कोरेज्म म्हणतो, त्या स्वतः निष्ठेने पाळतात, आणि त्या काळातील शुक्रवारी स्वयंपाकघरात मांस शिजत नाही. त्यामुळे सोमवार-गुरुवार शिवराक जेवणाऱ्या मुलींसाठी वेगळी भाजी होई. मात्र ते आपोआप घडले नाही. आम्ही सात-आठ मुलींनी प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात वॉर्डन सिस्टरकडे वार आणि नावे लिहून दिली होती. ज्या मुली संकोचाने गप्प राहिल्या त्यांनी कित्येक सोमवार नुसत्या डाळभातावर काढले. भांडी मात्र सामायिक असत. आपल्या घरी त्याचे सोवळे कडक असेल तर तसे आधीच विचारून घ्यावे, नंतर वाद घालू नये.

आता गाण्याविषयी, कारण आपली मुलगी गाते असे आपण लिहिले आहे आणि मला वाटते की तिच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरेल. मी घरी भजने आणि नाट्यपदे ऐकत वाढले होते. महाविद्यालयाच्या गायनवृंदात मला माझ्या खोलीतील मैत्रिणीने ओढून नेले. तिथे प्रथमच मला कळले की एकच गीत चार वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत, सोप्रानो, आल्तो, तेनोर आणि बास अशा चार आवाजांत एकाच वेळी गाता येते. आमचा वृंद मुलींचाच असल्यामुळे आम्ही वरच्या दोन आवाजांत गात असू, आणि नाताळच्या कार्यक्रमाला खालचे दोन आवाज देण्यासाठी शेजारच्या चर्चमधील गायक येत. गोव्यातील चर्चच्या शाळांनी कैक पिढ्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले आहे, त्यामुळे सासष्टीतील माझ्या कितीतरी मैत्रिणी कागदावरची सुरावट वर्तमानपत्र वाचावे इतक्या सहज वाचत होत्या. मला ती वाचायला सहा महिने लागले. त्याच वर्षी महाविद्यालयाच्या दिनी मी एक नाट्यपद गायले, आणि ज्या मैत्रिणीने मला आल्तो शिकवला तीच माझ्यामागे बसून टाळ वाजवत होती. माझे वडील त्या दिवशी प्रेक्षकांत होते. त्यानंतर घरी त्यांनी कधी काळजीचा शब्द काढला नाही.

लहान महाविद्यालयात कुणीही अनोळखी राहत नाही. वर्गात पन्नास जण होते. दोन दिवस मी वर्गात दिसले नाही तेव्हा आमच्या मेंटॉर शिक्षिका स्वतः वसतिगृहात आल्या, माझा ताप पाहिला आणि डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मोठ्या संस्थेत हे झाले असते की नाही, मला ठाऊक नाही.

पण महाविद्यालय लहान असण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कार्यालयात फी, बोनाफाईड दाखला, बसचा सवलतीचा पास आणि शिष्यवृत्ती ही सारी कामे एकाच कर्मचाऱ्याकडे होती आणि ते रजेवर गेले की सगळे थांबत असे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरला तरी संस्थेने तो तपासून पुढे पाठवल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. दुसऱ्या वर्षी माझा अर्ज कार्यालयात तसाच पडून राहिला आणि मुदत टळली. ती रक्कम आमच्या घराला लहान नव्हती. त्यामुळे मुलीला एवढे जरूर सांगा की अर्ज भरला म्हणजे काम संपले असे समजू नये. संस्थेकडून पडताळणी झाली का, हे तिने दर आठवड्याला स्वतः जाऊन पाहावे.

उत्तर २ : साखळीचा पालक

माझी मुलगी अशाच वसतिगृहात दुसऱ्या वर्षाला आहे. जेवण आणि धर्म यांविषयी वर जे लिहिले आहे त्याला माझी सहमती आहे, म्हणून फक्त नियमांविषयी लिहितो.

आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता फाटक बंद होते. घरी जायचे असल्यास पालकांचे पत्र किंवा फोन लागतो, आणि परतण्याची वेळ वहीत लिहावी लागते. सुरुवातीला मुलीला हे जाचक वाटले. मला स्वतःला फाटकाच्या वेळेपेक्षा रविवारच्या परतीच्या प्रवासाची अधिक काळजी असते, कारण रविवारी संध्याकाळी पणजी-मडगाव मार्गावर मोठी रांग असते आणि एक बस चुकली की सातची वेळ हुकते. आपण पेडण्याचे असल्यामुळे आपल्याला त्याआधी दोन टप्पे आहेत. तिने रविवारी दुपारच्या जेवणानंतर लगेच निघावे, आणि उशीर होत असल्यास पणजीच्या स्थानकावरूनच वॉर्डनना फोन करावा. आधी कळवलेल्या उशिराला आमच्या सिस्टरांनी कधी दोष दिलेला नाही. पावसाळ्यात तर शक्य असल्यास सोमवारी पहाटेऐवजी रविवारीच पाठवा.

हजेरीकडेही लक्ष असू द्या. विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के हजेरी लागते, आणि शिगमा, जत्रा, घरचे कार्य असे करत दूरच्या मुलींचे शनिवार-सोमवार सहज निसटतात.

उत्तर ३ : निवृत्त ग्रंथपाल, मडगाव

मी कॅथलिक आहे आणि माझी सारी नोकरी सासष्टीतील एका चर्चप्रणीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. पेडण्याच्या पालकांच्या प्रश्नामागील अस्वस्थता मी समजू शकतो, कारण माझ्या टेबलासमोर बसून अनेक आईवडिलांनी हेच प्रश्न हळू आवाजात विचारलेले आहेत. ते उघडपणे विचारले जावेत असे मला नेहमी वाटत आले.

प्रथम कायद्याची बाजू. भारतीय संविधानाच्या कलम ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे, आणि आमची महाविद्यालये त्याच अधिकाराने उभी आहेत. त्याच संविधानाच्या कलम २८ च्या तिसऱ्या खंडात असेही म्हटले आहे की राज्याची मान्यता किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला उपस्थित राहायला भाग पाडता येणार नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ही संमती त्याच्या पालकाने द्यावयाची असते. आपल्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील तर ही संमती देणे-न देणे सध्या आपल्या हाती आहे. प्रवेशाच्या वेळी एक साधे पत्र देऊन आपली इच्छा नोंदवून ठेवावी. माझ्या अनुभवात अशा पत्राने कुणी दुखावले गेले नाही. उलट वॉर्डनचे काम सोपे झाले. मूल्यशिक्षणाचा तास मात्र सर्वांसाठी असतो. त्यात साधारणपणे सचोटी, पर्यावरण, कुटुंब असे विषय असतात, आणि मुलीने त्याला अवश्य बसावे.

ज्या तालुक्यात ती जाणार आहे त्याविषयीही थोडे सांगावेसे वाटते. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने याच सासष्टीत आयुष्याची बरीच वर्षे काढली, आणि त्याने मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला, म्हणजे जुन्या रायतूरला, छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. परक्या देशातून आलेल्या एका धर्मगुरूने आपल्या श्रद्धेची कथा इथल्या लोकांना सांगण्यासाठी पुराणाचा आणि ओवीचा साज निवडला, यावरून त्या काळी ही भाषा आणि हा छंद इथल्या माणसांच्या किती जवळचा होता हे दिसते. त्याच शतकांत देवळे पाडली गेली, लोकांना घरेदारे सोडावी लागली, हेही मी विसरत नाही, आणि विसरू नये असेच माझे मत आहे. भजन गाणाऱ्या आपल्या मुलीला ओवीची लय कानावर असणार. तिने हा ग्रंथ ग्रंथालयातून मागून घेऊन एखादे प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे; परके वाटणार नाही.

ग्रंथालयाच्या सेवेविषयी विद्यार्थी फार कमी विचारतात, म्हणून न विचारता लिहितो. लहान महाविद्यालयाचे ग्रंथालय लहानच असते. मानसशास्त्राची नवी पुस्तके महाग आहेत आणि एका पुस्तकाच्या दोन-तीन प्रतींवर अख्खा वर्ग अवलंबून असतो. यावर उपाय असा की देशभरातील विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत सहभागी असलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हजारो ई-पुस्तके आणि संशोधन नियतकालिके मोफत वाचता येतात, त्यासाठी ग्रंथपालाकडून वापरनाव आणि परवलीचा शब्द घ्यावा लागतो. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला हे सांगत असे, आणि तरीही नाव नोंदवायला येणारे बोटांवर मोजण्याइतके असत. तिने पहिल्याच आठवड्यात हे करून घ्यावे. शिवाय घरी जाता-येता पणजीला उतरावेच लागते, तेव्हा पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचे सभासदत्व तिला द्या. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय बसस्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे मराठी पुस्तकांचा संग्रहही चांगला आहे.

प्रश्नकर्ता : पेडण्याचा पालक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीलाही सगळे वाचून दाखवले. गायनवृंदाचे वाचून तिने दोन वेळा तो परिच्छेद परत वाचायला सांगितला. माझ्या पत्नीचा एक प्रश्न मात्र राहिला आहे. मुलगी स्वभावाने अबोल आहे, दुखले-खुपले तरी चटकन सांगत नाही. तिथे समुपदेशक असतात असे पुस्तिकेत एका ओळीत लिहिले आहे. ते प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतात?

उत्तर ४ : तृतीय वर्षातील विद्यार्थिनी

मी सध्या दक्षिण गोव्यातील अशाच एका महाविद्यालयात मानसशास्त्रच शिकत आहे, म्हणून काकूंच्या प्रश्नाला उत्तर देते.

आमच्याकडे समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोन दिवस येतात. त्या प्रशिक्षित आहेत आणि मनापासून ऐकतात. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मला रात्र-रात्र झोप येत नव्हती, वर्गात बोलायचे म्हटले की हात थरथरत, तेव्हा मी त्यांच्याकडे चार वेळा गेले आणि मला खरोखर बरे वाटले. परंतु पहिल्यांदा तिथे जायला मला तीन आठवडे लागले, आणि त्याचे कारण काका-काकूंनी समजून घ्यावे असे मला वाटते. त्यांची खोली कार्यालय आणि कॅन्टीन यांच्यामधल्या ओसरीवर आहे. ज्या आवारात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे त्या दारातून कोण आत गेले हे दुपारपर्यंत सर्वांना कळते. सिस्टर प्रेमळ असल्या तरी त्याच वॉर्डन, त्याच फाटकाची किल्ली सांभाळणाऱ्या आणि त्याच घरी फोन करणाऱ्या असतात, त्यामुळे अबोल मुलगी त्यांच्यापाशी मन मोकळे करीलच असे नाही. आम्ही विद्यार्थिनींनी गेल्या वर्षी लेखी विनंती केली की समुपदेशनाची वेळ फोनवर ठरवता यावी आणि खोली वरच्या मजल्यावर हलवावी. वेळेची विनंती मान्य झाली आहे, खोलीची अजून प्रतीक्षा आहे.

तोपर्यंत तिच्या फोनमध्ये १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक जतन करून ठेवावा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. रॅगिंगसारखे काही घडलेच तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक आहे. तक्रार संस्थेतीलच कुणाविषयी असेल तर आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. समितीवर कोण आहेत, हे प्रवेशाच्या दिवशीच सूचनाफलकावर पाहून ठेवावे. गरज पडल्यावर ती नावे शोधत बसण्याइतके बळ माणसाच्या अंगात नसते, हे मी अनुभवावरून सांगते.

आणि काकू, रोज रात्री फोन करून ‘जेवलीस का’ असे विचारता तेव्हा ती ‘हो’ म्हणेल आणि बोलणे तिथेच संपेल. माझी आई मला ‘आज कुणाबरोबर जेवलीस’ असे विचारायची. ज्या आठवड्यात माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते, त्या आठवड्यातच तिला काहीतरी बिघडल्याचे कळले आणि ती शनिवारी सकाळी मला भेटायला आली.

प्रश्नकर्ता : पेडण्याचा पालक

हे शेवटचे पत्नीने स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आहे. सोमवारी आम्ही तिघेही महाविद्यालयात जाणार आहोत. जेवणाचे वार आणि उपासनेविषयीचे पत्र लिहून तयार केले आहे, आणि समुपदेशकांची वेळ कशी ठरवायची व तक्रार समितीची नावे कुठे लावली आहेत हे मी प्राचार्यांना भेटूनच विचारीन. सत्तरीच्या ताईंना एकच विचारायचे राहिले. मुलीला तिची श्रुतिपेटी बरोबर न्यायची आहे. वसतिगृहात रियाज करू देतात का, आणि चवथीला घरी सोडतात का?

उत्तर ५ : सत्तरी तालुक्यातील माजी विद्यार्थिनी

चवथीची काळजी करू नका. त्या सुट्टीत आमचे वसतिगृह जवळजवळ रिकामे होई, आणि परत येताना आम्ही आणलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, सिस्टरांच्या टेबलावर सगळ्यांत आधी संपत. नाताळात त्यांच्याकडून आम्हाला दोदोल आणि बेबिंका हे गोड पदार्थ मिळत असत.

श्रुतिपेटी जरूर पाठवा. आमच्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा मोकळा वेळ असे. सातनंतर अभ्यासाची शांतता सुरू होई आणि मग गुणगुणणेही चालत नसे. खोलीत चार मुली असल्यामुळे मी वॉर्डनकडे वेगळी जागा मागितली, तेव्हा त्यांनी मला शिवणवर्गाची खोली उघडून दिली. ती चॅपेलपासून लांब, आंब्याच्या झाडाखाली होती आणि तिच्या खिडक्या मोठ्या होत्या. सोमवारी गेल्यावर अशी एखादी खोली आहे का, हे मुलीला स्वतःच विचारू द्या.